पिठातला बॉम्ब

बॉम्ब पडला पण फुटला नाही, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला.

'कुलोय'च्या डेकवर तेव्हा जो तो आडवा पडलेला होता. विमान डोक्यावरून घोंघावत गेलं, बोट पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत थरारली आणि दोन नंबरच्या कोठारातून पांढरा लोट वर आला. सगळ्यांना वाटलं, धूर. यारी चालवणारी तायसिया माल उचलायच्या त्या यंत्राच्याच लोखंडी पायाला मिठी मारून पडली होती. तिने डोळे घट्ट मिटले. त्या कोठारात वरच्या थराला पिठाची पोती होती आणि पोत्यांखाली, जाड फळ्यांच्या पलीकडे, तोफगोळ्यांच्या पेट्या. धूर निघतोय म्हणजे आता उरलं काय?

पण काहीच झालं नाही. लोट हळूहळू खाली बसला, तिच्या पापण्यांवर, ओठांवर. तिने ओठांवरून जीभ फिरवली. पीठ होतं.

बोट रशियन, जुनी, कोळशावर चालणारी. अटलांटिकपलीकडून माल भरून आइसलंडला आलेली, आणि तिथून पस्तीसेक बोटींच्या काफिल्यात मुर्मान्स्ककडे निघालेली. मे महिना सरत आला होता आणि त्या समुद्रावर सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता. क्षितिजाला टेकायचा, लालसर व्हायचा, पुन्हा वर चढायचा. अंधार नाही म्हणजे लपायला जागा नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावरून जर्मन विमानं यायची, बॉम्ब टाकायची, परत जाऊन जेवून-खाऊन नवे बॉम्ब घेऊन यायची. ती नसली की पाणबुड्या. माणसं उभ्या उभ्या डुलक्या घेत होती.

कप्तान प्रोखोर साव्हिच ब्रिजवरून खाली आला. साठीकडे झुकलेला, बारीक चणीचा माणूस. बॉम्ब पडत असतानाही तो कुणाला आडनावाने हाक मारायचा नाही. बापाचं नाव लावून, नीट, अहो-जाहो करूनच बोलायचा. कोठाराच्या तोंडावरच्या फळ्यांना भगदाड पडलं होतं. त्यातून त्याने वाकून पाहिलं. मग टोपी मागे सारत एवढंच म्हणाला, "शेपूट दिसतंय."

पोत्यांच्या राशीत तिरका रुतून बसलेला होता तो बॉम्ब. अंगावर पिठाचा थर, आणि वर पत्र्याचे पंख तेवढे बाहेर.

काफिल्याचं रक्षण करणाऱ्या इंग्रजी विनाशिकेला दिव्याच्या उघडझापीने कळवण्यात आलं. उत्तरही दिव्यानेच आलं: रांग सोडा, मागे पडा, बॉम्बच्या तोंडाशी असलेल्या कळीला हात लावू नका. देव तुमचं रक्षण करो, असंही शेवटी होतं. 'कुलोय'वर कुणी रागावलं नाही. एका बोटीच्या पोटातले गोळे उडाले तर शेजारच्या दोन-तीन बोटी सोबत जाणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. 'कुलोय' बाजूला झाली, तिच्या मागची इंग्रजी बोट तिच्या जागी सरकली, आणि थोड्याच वेळात काफिला म्हणजे क्षितिजावरची काजळीची रेघ झाला. एरवी चोहीकडे बोटी असत. आता नुसतं शिशासारखं पाणी होतं.

बॉम्ब उचलून समुद्रात टाकायचा, याशिवाय दुसरा इलाज नव्हता. एकाने खाली उतरायचं, पोती हटवून बॉम्ब मोकळा करायचा, त्याला जाळीत बसवायचं आणि यारीच्या आकड्याला अडकवायचं. दुसऱ्याने यारी चालवायची. खाली कोण उतरणार हे विचारावंच लागलं नाही. खलाशांचा मुकादम, तांडेल निकांद्र, कमरेला दोर बांधतच आला होता. प्रश्न यारीचा होता.

यारी चालवणारे दोघे होते, एक फेदोत आणि दुसरी तायसिया. फेदोत वीस वर्षं यारीवर मुरलेला, हात भरवशाचा. तायसियाला या बोटीवर येऊन वर्षही झालं नव्हतं. आणि त्यातून ती निकांद्रची भावजय.

दोघं रशियाच्या उत्तरेकडच्या पांढऱ्या समुद्राच्या काठावरच्या एकाच घरातली. निकांद्रचा थोरला भाऊ येर्मोलाय लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात करेलियाच्या जंगलात मारला गेला. तायसियाने लेकीला, ग्लाशाला, सासूकडे ठेवलं आणि बोटीवर नाव घातलं. युद्धात बायका बोटींवर चढतच होत्या. कुणी स्वयंपाकीण, कुणी सुकाणूवर. पण निकांद्रला ते सोसलं नाही. घरातला एक गेला तेवढं बस झालं, पोरीला आईही नको का, म्हणून त्याने आधी घर डोक्यावर घेतलं आणि मग थेट बंदरातल्या भरतीच्या कचेरीत जाऊन हिला घेऊ नका म्हणून सांगितलं. तिथल्या बाईने त्याला दार दाखवलं, आणि नशिबाचा खेळ असा की तायसियाला बोट मिळाली ती नेमकी त्याचीच.

तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं. घरी तो तिला 'ताया' म्हणायचा. बोटीवर मात्र 'तायसिया येव्सेयेव्ना', तेही असं ताणून की ऐकणाऱ्याला लागावं. ती त्याला काहीच म्हणायची नाही. जेवायच्या टेबलावर मीठ हवं असलं तर ती कपितोलिनाकडे मागायची, आणि कपितोलिना ते निकांद्रच्या कोपराजवळून उचलून द्यायची. ही कपितोलिना बोटीची स्वयंपाकीण. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. तुम्हा दोघांच्या मधलं टपालखातं मला एकटीला झेपत नाही, असं ती कधी कधी सुनवायची.

कप्तानाने निकांद्रला विचारलं, "निकांद्र फोमिच, जीव तुमचा पणाला आहे. यारीवर कोण हवं?"

फेदोत पुढे आलाच होता. निकांद्र हातमोजे काढत होता. वर न बघता म्हणाला, "तायसिया."

"विचार करून सांगा."

"विचार केलाय. फेदोत जोरात उचलतो, त्याचा हात मालाचा आहे. ही उचलते ते कळत नाही. आइसलंडला हिने काचेच्या पेट्या चढवल्या तेव्हा मी खाली होतो." मग त्याने मान वळवली. "फेदोत, राग मानू नकोस."

फेदोतने राग मानला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तायसियाने पाहिला. वर्षभर ज्या माणसाने नजरेला नजर दिली नाही, त्याने आपलं काम इतकं न्याहाळलं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. काही बोलावं असं तिला वाटलं, पण तोवर तो कोठाराच्या कठड्यावरून आत उतरला होता.

यारीपाशी उभं राहिलं की कोठाराचा तळ दिसत नाही. म्हणून कोठाराच्या तोंडाशी एकाने पालथं पडून खालच्याचं वर आणि वरच्याचं खाली सांगायचं असतं. ते काम कपितोलिनाने मागून घेतलं. माझा आवाज इंजिनखोलीतही ऐकू येतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. यारीचा लांब दांडा डावी-उजवीकडे फिरवायला दोन बाजूंना दोन दोर असतात. डावीकडच्या दोरावर फेदोत उभा राहिला, उजवीकडच्यावर मोठा मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. बाकीच्यांना कप्तानाने बोटीच्या मागच्या भागात पाठवलं. स्फोट झालाच तर मागचे तरी कसे वाचणार, हे कुणी बोललं नाही.

निकांद्रने पोती उपसायला सुरुवात केली. एकेक पोतं तो उचलायचा, भिंतीशी रचायचा, मग थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. कपितोलिना पुटपुटत सांगत राहायची. आता डाव्या कुशीचं पोतं काढलं. आता तो वाकलाय. आता खोकला दाबतोय, पीठ गेलं वाटतं नाकात. तायसियाचा हात यारीला वाफ सोडणाऱ्या दट्ट्यावर होता. धातू इतका थंड की मोज्यातूनही चावत होता, पण जाड मोज्यात दट्ट्याचा अंदाज येत नाही म्हणून तिने उजव्या हाताचा मोजा काढून टाकला.

मग कपितोलिना म्हणाली, "जाळी बसली. आकडा सोड. हळू, बाई, हळू."

तिने आकडा सोडला. तारेचा दोर आत उतरत गेला. कपितोलिनाचा तळहात वर झाला तशी ती थांबली. खाली आकडा जाळीत अडकल्याचा आवाज झाला. एवढासा आवाज, पण फेदोतने मान आक्रसून घेतली.

"घे."

तिने दट्ट्या केसभर सरकवला. यारीने सुस्कारा टाकला, दोर ताठ झाला, आणि मग वजन तिच्या हाताला लागलं. ते जाणवतं, पाण्यातून जाळं ओढताना मासा किती हे जसं ओढायच्या आधीच कळतं, तसं. बॉम्ब पिठातून सुटला. कपितोलिनाचा हात सावकाश वर वर येत होता आणि त्या हाताबरोबर तायसिया वाफ सोडत होती. गुडघ्याइतका. कमरेइतका. माणसाच्या डोक्यावर.

तेव्हाच ब्रिजवरची घंटा वाजली.

विमानं दोन होती, उजवीकडून, पाण्याला इतकी टेकून की आधी ती लाटांवरची सावलीच वाटली. बॉम्ब टाकणारी नव्हती ही, टॉर्पेडो टाकणारी. काफिल्यामागे एकटी पडलेली बोट त्यांना आयती सापडली होती. मागच्या तोफेचा धडाका सुरू झाला आणि सगळी बोट त्या दणक्यांनी हादरू लागली. तारेचा दोर गुणगुणायला लागला.

"थांब," कपितोलिना ओरडली. तायसियाने दट्ट्या आवळून धरला. बॉम्ब कोठारात अधांतरी लटकत राहिला.

पुढचं सगळं काही श्वासांत झालं, पण तायसियाला ते नंतर कायम लांबलचक आठवत राहिलं. एका विमानाच्या पोटातून काहीतरी सुटलं, पाणी उसळलं. दुसऱ्यातूनही. पाण्यात दोन पांढऱ्या रेघा उमटल्या आणि त्या 'कुलोय'कडे वाढत यायला लागल्या. ब्रिजच्या काठावर कप्तान दिसला. पुढे काय हे तिला सांगावं लागलं नाही. बोट सरळ ठेवली तर टॉर्पेडो बरोबर कुशीत बसणार. त्यांच्याकडे तोंड करून वळवली तर रेघांच्या मधून निसटता येईल. पण इतकी जड बोट जोरात वळली की कलणार. ती उजवीकडे वळेल आणि डावीकडे झुकेल, आणि कोठारात लटकलेला बॉम्ब घंटेच्या लोलकासारखा लोखंडी भिंतीवर जाऊन आदळेल.

कप्तानाने तिच्याकडे पाहिलं. नाव, बापाचं नाव घेऊन हाक मारायला त्याला या वेळी सवड नव्हती. "वळवतोय," एवढंच.

खाली टेकवायला वेळ नव्हता. खाली निकांद्र होता. धरून ठेवायचा तर भिंत. उरलं ते वरच, पण वर घ्यायचा तर झटक्यात घ्यावा लागणार, आणि झटका बसला की कळ दबून बॉम्ब फुटणार. तिचा हात गोठला. खरंच गोठला, बोटं आहेत की नाहीत ते कळेना. कपितोलिनाचं तोंड हलत होतं पण तोफेपुढे तिचाही आवाज पोचत नव्हता.

आणि मग तळातून हाक आली. कशी ऐकू आली देव जाणे.

"ताया, वर घे. माझ्याकडे बघू नकोस, वर घे."

तिने दट्ट्या ढकलला. ओढला नाही, हिसकला नाही. झोपलेल्या लेकराच्या मानेखाली हात सरकवावा तसा सरकवला, पण शेवटपर्यंत. यारी ओरडली. बोटीचं नाक उजवीकडे वळायला लागलं होतं, डेक पायाखालून कलू लागलं होतं. दोर वर, वर, आणि कोठाराच्या तोंडातून पिठाने माखलेलं ते धूड बाहेर आलं, डावीकडे सरकतच. लोखंडी कठड्याच्या वरून बॉम्ब हातभर अंतराने गेला. कपितोलिना पालथी होती, तिच्या पाठीवरून गेला. मेटने उजवीकडचा दोर सोडून दिला, फेदोतने डावीकडचा खेचला, आणि बोट ज्या बाजूला झुकली होती त्याच बाजूला यारीचा दांडा आपल्या वजनाने फिरत गेला. ज्या कलण्याची सगळ्यांना भीती होती, त्यानेच बॉम्ब बोटीबाहेर नेला.

"सोड," फेदोत ओरडला. तिने दोर सोडला. बॉम्ब पाण्याला लागला तसा मेट धावत आला आणि त्याने आकड्याची खीळ काढणारी दोरी ओढली. पाण्यात एक पांढरा डाग उरला आणि तोही मागे पडला. उजवीकडून टॉर्पेडोची एक रेघ बोटीला घासून गेली, इतकी जवळून की वाकून थुंकलं असतं तर थुंकी तिच्यावर पडली असती. दुसरी लांबून गेली.

कुणी आनंदाने ओरडलं नाही. विमानं दूर गेली, तोफ थांबली आणि एवढी शांतता पसरली की मागे, बऱ्याच अंतरावर, पाण्याखाली झालेला दणका पायांना नीट कळला. बॉम्ब शेवटी फुटला होता.

तायसिया कोठाराच्या तोंडाशी धावली. खाली निकांद्र नव्हता. भिंतीशी रचलेली पोती बोट कलली तशी ढासळली होती आणि जिथे तो उभा होता तिथे पिठाचा नुसता ढिगारा होता.

शिडीवरून ती कशी उतरली तिला आठवत नाही. तिच्या मागे फेदोत, त्याच्या मागे कपितोलिना. तिघं पोती ओढायला लागली. फुटलेल्या पोत्यातलं पीठ पाण्यासारखं परत परत त्याच जागी वाहत येत होतं. तायसिया कुत्र्यासारखी दोन्ही हातांनी उकरत होती, आणि तिला कळत होतं की आपण काहीतरी बोलतोय. नंतर कपितोलिनाने सांगितलं, की ती त्याला शिव्या घालत होती. भावाच्या मागे जायची एवढी घाई का, तुमच्या आईला मी एकटीने काय तोंड दाखवू, असं काहीबाही. वर्षभराचं साचलेलं सगळं तिने त्या ढिगाऱ्याला ऐकवलं.

आधी हात सापडला. मग खांदा. दोन पोती एकमेकांना टेकून पडली होती आणि त्यांच्या फटीत त्याचं डोकं होतं; म्हणून वाचला. तोंडातून, नाकातून तिने बोटांनी पीठ काढलं. बराच वेळ तो नुसता घरघरत राहिला. मग खोकला, आणि खोकल्याबरोबर कळवळला, कारण बरगड्या मोडल्या होत्या आणि खांद्याचं हाडही.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"कठड्याला लागला नाही?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

ती रडत होती हे तिला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर धुकं आलं. त्या समुद्रावर एवढ्या प्रेमाने धुक्याचं स्वागत कुणी कधी केलं नसेल. 'कुलोय' त्यात शिरली आणि काफिल्याच्या वाटेने चालत राहिली. धुकं विरळ झालं तेव्हा पाण्यावर तेल दिसायला लागलं, मग फळ्या, मग एक होडी. होडीत इंग्रजी बोटीवरची माणसं होती, तेलाने काळी झालेली. काही बसलेली, काही आडवी. ज्या बोटीने 'कुलोय'ची जागा घेतली होती तिच्यावरची ही माणसं. त्याच दुपारी, त्याच रांगेत, एका पाणबुडीने तिला गाठलं होतं.

थांबायचं की नाही? थांबलेल्या बोटीवर नेम धरणं सोपं, हे कप्तानाला काय सांगायचं. ती पाणबुडी अजून आसपास असणार हेही त्याला कळत होतं. त्याने डोळ्यांवरून दुर्बीण काढली, पुसली आणि इंजिन थांबवायला सांगितलं. ज्यांची बोटं थंडीने निकामी झाली होती त्यांना दोराच्या शिडीवर चढता येईना, तेव्हा तायसियाने मालाची जाळी खाली सोडली आणि त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून वर घेतलं. सगळा वेळ फेदोत तिच्याकडे पाठ करून पाण्यावर नजर ठेवून उभा होता. काही दिसलं असतं तरी करायला काही नव्हतं, पण पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं.

शेवटच्या जाळीत एक लालसर दाढीचा खलाशी होता. डेकवर टेकल्यावर त्याने बोटीचं नाव वाचलं, आणि हाताने आधी काहीतरी वरून पडल्याची आणि मग स्फोटाची खूण करून प्रश्नार्थक पाहिलं. तुम्ही अजून आहात कसे, असं त्याला विचारायचं होतं. कपितोलिनाने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि अस्सल रशियनमध्ये सांगितलं, "आहोत बाबा, आणि कोबीचं सूपही आहे. पाव मागू नकोस, पिठाचं आज नाव काढू नकोस." त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो हसला. मग जाळीतून आलेल्या सोबत्यांपैकी एक हलत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बसला.

पाणबुडी आली नाही. का आली नाही ते कुणाला कधी कळलं नाही. काफिल्याने मागे धाडलेला एक लहानसा सशस्त्र ट्रॉलर वाटेत भेटला आणि त्याच्या सोबतीने 'कुलोय' मुर्मान्स्कच्या कोला खाडीत शिरली.

मुर्मान्स्कचा अर्धा धक्का जळलेला होता. लष्कराचे ट्रक गोळ्यांसाठी रांग लावून उभे होते. बोट बांधायच्या आत सैनिक डेकवर चढले. निकांद्रला स्ट्रेचरवर घालून खाली नेताना त्याने वाहणाऱ्यांना थांबवलं. तायसिया यारीवरून उतरून आली.

"मला दोन महिने घरी धाडतायत," तो म्हणाला. "ग्लाशाला काय सांगू?"

"आई बरी आहे म्हणा."

"परत कधी येणार विचारील."

"तुम्हीच सांगा आता. तुम्ही तर मला उतरवायला निघाला होतात."

त्याने मान फिरवून यारीकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताकडे. उघड्या लोखंडावर चिकटून तळव्याची साल निघाली होती, तिथे चिंधी बांधलेली होती. "हाताला चरबी लाव," तो म्हणाला. "आणि पुढच्या खेपेला कोठारात कोण उतरतंय ते आधी बघून घे. आवाज मोठा नसेल तर नको म्हणून सांग. कप्तान ऐकेल तुझं."

"आणि सासूबाईंनी विचारलं, की हाडं कशी मोडली, तर?"

"पोती पडली म्हणेन. खोटं थोडंच आहे?"

हसायला गेला आणि बरगड्यांनी त्याला हसू दिलं नाही. स्ट्रेचर धक्क्यावरून पुढे गेलं. कोठाराच्या तोंडाशी कुणी अनोळखी माणूस तिच्या नावाने ओरडत होता. खाली पहिल्या पेट्या जाळीत बसल्या होत्या. तायसिया जाऊन यारीपाशी उभी राहिली आणि तिने त्याला ओरडण्यापेक्षा कपितोलिनासारखं हात वर करून दाखवायला सांगितलं.